आत्मसंयम, आठवी 'ब'

५ फेब्रुवारी, सोमवार

हिवाळ्याची सुट्टी संपली. सुट्टीत करायची ठरवलेली कामं : फाटके नकाशे चिकटवणं, रोज फिरायला जाणं, थोरल्या बहिणीला फोन. नकाशे बाहेर काढून ठेवलेत. फिरण्याबद्दल म्हणाल तर बर्फ होता. बहीण काय, तीही फोन करू शकते.

पण खरं मोठं काम डोक्यात पुरं झालं. आठवी 'ब'साठी 'आत्मसंयम उपक्रम'. वरून लादलेली शिस्त ती शिस्तच नव्हे, मुलाने स्वतःला आवरायला शिकलं पाहिजे, वगैरे. आज शिक्षकसभेत वाचून दाखवला. मुख्य नियम माझाच : त्या आठवड्याच्या मॉनिटरवर सोपवलेल्या वस्तूचं काही बरंवाईट झालं तर मॉनिटरच्या नावावर शेरा. आणि शेरा असेल तर जूनमध्ये वर्तणुकीची श्रेणी 'चांगली'च्या वर जाणार नाही. अपवाद नाही.

मुख्याध्यापिका बोब्रोव्स्का बाई म्हणाल्या, जरा कडक होत नाही का? मी म्हटलं, बाई, जबाबदारी म्हणजे काय गंमत आहे? सगळ्यांनी हात वर केले. गणिताच्या बाईंनी पेपर तपासता तपासता केला, पण केला.

स्वतःची प्रगती : एक जानेवारीपासून साखर बंद. बायकोला, ग्राझिनाला, शब्द दिलाय. मुरंबा घातलेला चहा एकदा झाला, पण तेव्हा ताप होता.

६ फेब्रुवारी, मंगळवार

वर्गशिक्षकाचा तास. अप्रतिम झाला.

परवा खादाडीचा गुरुवार. त्यानंतरच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपास, म्हणून सगळं गाव त्या दिवशी मुरंबा भरलेले, तळलेले गोड पोंचकी खाऊन घेतं. उपक्रमाला याहून चांगला मुहूर्त कुठला? वर्गाने कालच बेकरीत एक मोठा खोका सांगून ठेवलाय. मी जाहीर केलं की तो खोका सकाळपासून नकाशांच्या खोलीत राहील, दुपारी आपण तो वृद्धाश्रमात नेऊ आणि तोवर कोणी बोट लावणार नाही. वर्गातून मोठा उसासा. हुबर्ट म्हणाला, "सर, एखादा चाखून बघायला नको का? म्हाताऱ्या माणसांना काही झालं म्हणजे?" वर्ग खिदळला. मीही उदारपणे हसलो.

किल्ली या आठवड्याची मॉनिटर म्हणून बोग्ना सिदोरुककडे. आठवीतली सगळ्यात सरळ मुलगी. आई पोस्टात, बाप नॉर्वेत कुठे कुठे कामं करतो. बोग्नाला आठवीनंतर ब्याविस्तोक शहरातल्या मोठ्या शाळेत जायचंय, पुढे प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. त्यासाठी लाल पट्टीचं प्रमाणपत्र हवं, त्याचे प्रवेशाला जादा गुण मिळतात. अभ्यासात ती केव्हाच बसलीय, फक्त वर्तणूक 'खूप चांगली' हवी. तिची नसेल तर कुणाची असणार?

सगळ्यांसमोर तिच्या हातावर किल्ली ठेवून मी म्हणालो, "ही एकच किल्ली आहे. माझ्याकडेसुद्धा दुसरी नाही. इतका माझा तुझ्यावर विश्वास." बोलून झाल्यावर वर्गावरून एकदा नजर फिरवली.

(माझ्या जुडग्यात एक जुनी आहे. पण ती मी कित्येक वर्षांत वापरलेली नाही, तेव्हा ती नसल्यासारखीच.)

८ फेब्रुवारी, गुरुवार, मधली सुट्टी

नाश्त्याला ओट्स. स्टाफरूममध्ये टेबलभर पोंचकी. मी हात जोडून नको म्हटलं. फादर वित शाळेत धर्म शिकवतात, ते तिसरा खात म्हणाले, "लुदविक, आज एकही न खाणाऱ्याचं वर्षभर काही धड होत नाही म्हणतात." मी म्हटलं, फादर, या अंधश्रद्धा तुमच्या तोंडी शोभत नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते. छान वाटलं.

त्याच दिवशी, चौथ्या तासानंतर

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात उगाच मोठं होणार नाही.

सहावीला आशिया शिकवायचा होता. आशियाचा नकाशा नकाशांच्या खोलीत. बोग्ना व्यायामाच्या तासाला; पोरीला तिथून उठवून आणणं बरं दिसलं नसतं. म्हणून जुनी किल्ली. केवळ तिचा विचार करून.

खोका टेबलावर. वासाबद्दल काही लिहीत नाही. झाकण उघडलं ते हुबर्टचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं म्हणून. वर साखरेचा पाक, संत्र्याच्या सालीचे तुकडे, आत गुलाबाचा मुरंबा. एक खाल्ला. आजच्या दिवशी एक खावाच लागतो, फादरनीच सांगितलं.

मग त्या ओळीत खड्डा दिसायला लागला. शेजारचा काढला तर ओळ जरा सरळ दिसेल असं वाटलं. दिसली नाही. शेवटी अख्खी ओळच काढली, उरलेले पसरवून ठेवले. आता काही कळत नाही.

कुलूप लावलं. नकाशा आत राहिला. आशिया फळ्यावर काढून शिकवला. भारत जरा मोठा झाला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

पुरले नाहीत.

वृद्धाश्रमाने माणसं मोजून आकडा दिला होता, हे मला आठवायला हवं होतं. मुलं बशा घेऊन रांगेने फिरत होती. टेबलाच्या टोकाला एक स्तेफानिया आजी, समोर कागदी रुमाल पसरून बसलेल्या. त्यांच्या टेबलापर्यंत येईतो खोका रिकामा. त्या म्हणाल्या, राहू दे गं, मला नाहीतरी दात नाहीत. त्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

बोग्ना पांढरीफटक. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. मीही बघितलं. दुसरीकडे बघितलं असतं तर विचित्र दिसलं असतं.

घरी ग्राझिनाने विचारलं, मोह झाला नाही ना? मी म्हटलं, अजिबात नाही. रात्री जेवलो नाही. पोटात जागा नव्हती, पण कारण ते नव्हतं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सांगायचं हे पक्कं ठरवून गेलो होतो. वाक्यही तयार. बोब्रोव्स्का बाईंनी तास सुरू व्हायच्या आधीच बोलावलं. वृद्धाश्रमातून फोन आलेला. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "बोग्नाच्या नावावर शेरा टाका. नियम तुमचाच आहे, पाकोश सर." मी म्हटलं, आधी मी चौकशी करतो. 'चौकशी' हा शब्द कुठून आला देव जाणे. पण एकदा आला म्हटल्यावर करावी लागली.

बोग्ना स्टाफरूमच्या दारात उभी राहून सांगत होती की कुलूप लावलं होतं, किल्ली स्वेटरच्या खिशात होती. व्यायामाच्या तासाला स्वेटर खुंटीवर होता. मग ती थांबली आणि हळू म्हणाली, लावलं होतं असं वाटतंय.

मी म्हणालो, "नीट आठवून बघ."

का म्हणालो? शिक्षकाला असं म्हणायची सवय असते. बाकी काही नाही.

शेरा टाकला. तात्पुरता. सोमवारी काढता येईल.

१२ फेब्रुवारी, सोमवार

काढता येत नाही. काढायचा तर मुख्याध्यापिकांकडे कारण द्यावं लागतं. कारण माझ्याकडे आहे, पण ते सोमवारी सकाळी देण्यासारखं नाही.

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

उपास सुरू. चर्चमध्ये रिवाजाप्रमाणे फादर वितनी डोक्यावर राख टाकली. नेहमीपेक्षा जास्त टाकली असं वाटलं. उपासाचे संकल्प : १) साखर पूर्ण बंद, या वेळी खरी. २) रविवारपर्यंत खरं सांगणं.

वर्गात बोग्नाला 'बेकरीवाली' म्हणायला लागलेत. मी चांगलाच फैलावर घेतलं त्यांना. माणसाच्या चुकीची टिंगल करणं हा संयम नव्हे, असं बरंच काही. हुबर्ट उभा राहिला, आणि पोरगं चेष्टेत नव्हतं. म्हणाला, सर, आम्ही विसरायला तयार आहोत, पण तिने एकदा म्हणावं ना मी खाल्ले म्हणून. तुम्हीच शिकवलंत, चूक केलेल्याने आपणहून सांगावं.

मी म्हटलं, बरोबर आहे. मग खोकला आला. पाणी प्यायला बाहेर गेलो आणि तास संपेपर्यंत बाहेरच राहिलो.

१८ फेब्रुवारी, रविवार

सर्दी.

१२ मार्च, मंगळवार

मधले दिवस लिहिलं नाही. कामं होती. बोग्ना पहिल्या बाकावर बसते, विचारलं तर उत्तर देते, आपणहून हात वर करत नाही. मी तिला भूगोलात सारखे पूर्ण गुण देतोय. परवा तिने नदी चुकीच्या देशात काढली, तरी दिले. तिने वही परत आणून दाखवलं : सर, हे चुकलंय. कमी केले. या मुलीला मदत करणं सोपं नाही.

२३ मार्च, शनिवार

ईस्टरआधी पापांची कबुली द्यायलाच हवी. आमच्या चर्चमध्ये कबुली ऐकायला फादर वित, म्हणजे प्रश्नच मिटला. म्हणून बसने पुढच्या गावी गेलो. तिथे मला कोण ओळखतो? योजना चोख : देवाला सांगायचं, मोकळं व्हायचं, त्या जोरावर सोमवारी शाळेत सांगायचं.

रांगेत बराच वेळ उभा. गुडघे टेकले, जाळीतून आवाज आला, "बोल, बाळा." फादर वित! ईस्टरआधी गर्दी असते म्हणून हे लोक एकमेकांच्या चर्चमध्ये मदतीला जातात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी.

मी आवाज बदलून खादाडपणा सांगितला, मोघम. आळस सांगितला. ते म्हणाले, अजून काही? मनावर काही असेल तर सांगून टाक. किती मायेने म्हणाले. मी म्हटलं, कुत्र्यावर ओरडतो.

आमच्याकडे कुत्रा नाही. म्हणजे कबुलीत खोटं बोललो, आणि खरं लपवलं ते वेगळंच. आता या कबुलीची कबुली द्यायला तिसऱ्या गावी जावं लागणार.

परतीच्या बसमध्ये फार लाज वाटली. खरंच वाटली. असं इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

फादर वित रस्त्यात भेटले. नेहमीसारखे हसले, बहिणीची चौकशी केली. कबुलीतलं ते कधी कुणाला बोलणार नाहीत, मलाही नाही. तरी रस्ता ओलांडून गेलो.

ग्राझिनाने केलेल्या ईस्टरच्या केकला हात लावला नाही. ती फार कौतुकाने बघत होती. एवढं कौतुक सहन होत नाही.

७ मे, मंगळवार

ग्राझिनाला सांगितलं.

ठरवून नाही. ती तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती की माझ्या नवऱ्याने जानेवारीपासून गोडाचा कण खाल्लेला नाही. मी पलीकडच्या खोलीतून ओरडून म्हटलं, खाल्लाय. मग सगळंच सांगितलं. ओळ सरळ करण्याच्या भागाला ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मलाही इतकं हलकं वाटलं की मीही हसायला लागलो.

मग ती थांबली. "आणि त्या मुलीचं काय झालं?"

मी शेऱ्याचं सांगितलं. लाल पट्टीचं सांगितलं.

ती म्हणाली, "लुदविक, तू पोंचकी खाल्लेस त्याचं मला काही नाही. खोका खा. पण तू तीन महिने तिच्या वर्गात जाऊन उभा कसा राहतोस?"

मी म्हटलं, मला काय सोपं जातंय का? ती म्हणाली, उद्या जाऊन सांग, नाहीतर मी जाते. मी समजावलं की पुढच्या आठवड्यात आठवीची परीक्षा आहे, आत्ता हे काढलं तर मुलीचं लक्ष उडेल. तिच्याच भल्यासाठी थांबायला हवं. जूनमधल्या श्रेणीसभेत सगळ्या शिक्षकांसमोर सांगतो, तिथेच श्रेणी ठरते, तिथेच बदलते. ग्राझिना 'ठीक' म्हणाली आणि उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेली.

४ जून, मंगळवार

नियमाप्रमाणे मुलांनी आपापल्या वर्तणुकीची श्रेणी स्वतः लिहायची असते. हुबर्टने 'आदर्श' लिहिलं. बोग्नाने 'चांगली'. मी वाकून हळूच म्हटलं, एक पायरी वर लिही की. ती म्हणाली, नियम आहे ना सर. शेरा आहे माझ्यावर.

पूर्वी ही मुलगी वर्गात भांडायची माझ्याशी. डॅन्यूब किती देशांतून जाते यावर एकदा अख्खा तास भांडली होती. आज नियम आहे म्हणाली आणि खाली मान घालून वही दप्तरात ठेवली.

सभा पुढच्या बुधवारी. भाषण लिहून तयार. सुरुवात जरा मोठी आहे, कारण एकदम पोंचकींवर येणं बरं दिसत नाही.

१२ जून, बुधवार, संध्याकाळ

श्रेणीसभा झाली.

आठवी 'ब' आली तसा मी उठून उभा राहिलो. आपणहून उभा राहिलो. एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो. भाषणाचा कागद कोटात राहिला होता. मी म्हणालो, "बोग्ना सिदोरुकच्या बाबतीत जे झालं, त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे."

पुढचं वाक्य होतं, पोंचकी मी खाल्ले. त्याआधी श्वास घ्यायला थांबलो. तेवढ्यात बोब्रोव्स्का बाई म्हणाल्या, "बघा. याला म्हणतात वर्गशिक्षक. पोरीची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय." गणिताच्या बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी. फादर वित तेवढे टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत होते, थांबून, मी अजून काही बोलेन अशा बेताने.

मी म्हटलं, नाही, म्हणजे खरोखरच मी. बाई म्हणाल्या, बसा हो, तुमचं मन आम्हाला कळलं. पण नियम तुम्हीच घातलात, अपवाद नाही असं तुम्हीच म्हणालात. आज मुलीला सूट दिली तर तुमच्याच कामावर पाणी पडेल. श्रेणी 'चांगली'. पुढचं नाव.

मी बसलो. बसायला नको होतं. पुढचं नाव यायला बराच वेळ गेला, तेवढ्यात सहज उठता आलं असतं. शेजारच्याने पाठ थोपटली आणि मी त्याला थँक्यू म्हटलं.

ऑक्टोबरातल्या शिक्षकदिनाच्या पुरस्कारासाठी माझ्या नावाची शिफारस करणार आहेत म्हणे.

घरी ग्राझिना दारातच उभी. सांगितलंस? मी म्हटलं, उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो की जबाबदार मी आहे. यातला शब्दन् शब्द खरा आहे. तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. म्हणाली, मला माहीत होतं तू करशील. चीजकेक करून ठेवला होता. दोन तुकडे खाल्ले.

१५ जून, शनिवार

बोब्रोव्स्का बाईंना पत्र लिहायला घेतलं. तारीख घातली. पत्रापेक्षा तोंडी बरं.

२१ जून, शुक्रवार

शाळेचा शेवटचा दिवस. पांढरे सदरे, फुलं, बँड. मी एकेकाचं नाव घेऊन प्रमाणपत्रं दिली. ज्यांना लाल पट्टी त्यांना जरा जास्त टाळ्या. बोग्नाला साधं. तिने हात मिळवला, नीट, शिकवल्यासारखा.

सगळे गेल्यावर ती आईला घेऊन वर्गात आली. आईच्या हातात अंगणातल्या पिओनीच्या फुलांचा मोठा गुच्छ, माझ्यासाठी. मी म्हटलं, ब्याविस्तोकचं काय? आई म्हणाली, बघू या, गुण जरा काठावर आहेत, नाही मिळाली तर इथलीच शाळा आहे की. मग म्हणाली, खरं सांगू सर, त्या श्रेणीवर मी हरकत घेणार होते. अर्जसुद्धा लिहिला होता. हिनेच घेऊ दिली नाही.

बोग्ना म्हणाली, "चूक माझीच होती, सर. मी खूप आठवून बघितलं. मी कुलूप नीट लावलंच नसणार." मग म्हणाली, "आता कुठलंही दार मी तीनतीनदा ओढून बघते. रात्री उठूनसुद्धा बघते. स्वतःवर भरवसा ठेवायचा नाही, हे तुमच्यामुळे कळलं."

आई हसली. म्हणाली, एक दिवस मूठ निघून हातात येणार आहे दाराची. पण जबाबदारी आली हो पोरीला, तुमचे उपकार.

वर्गात आम्ही तिघंच होतो. कुणी मध्ये बोलणारं नव्हतं, टाळ्या वाजवणारं नव्हतं. घाई नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं.

"शाबास, बोग्ना," मी म्हणालो.

आईने दोन्ही हातांनी माझा हात दाबला. दोघी गेल्या. जाताना बोग्नाने वर्गाचं दार बाहेरून लावून घेतलं. मग ते ओढून पाहिल्याचा आवाज आला. मग परत.

इतक्या वर्षांत मी शिकवलेलं इतकं पक्कं कुणाच्या डोक्यात बसलं नव्हतं. आणि ते खोटं आहे.

हरकत घ्यायला मंगळवारपर्यंत मुदत असते. मंगळवारच्या आत सिदोरुकांच्या घरी जायचं, असं इथे लिहायला पेन उचललं होतं. लिहिलं नाही.